कपाटात पेंटॅक्स के१००० हा जुना फिल्मचा कॅमेरा सापडला आहे. मोबाइल असताना असल्या कॅमेऱ्यात लोकांना काय मजा वाटते, आणि तो चालवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये होता, लेन्स ५० मिमी एफ/२ आहे आणि तो चालतो की नाही हेही माहीत नाही. मजेचं आधी सांगतो, मग चालवण्याचं.

मजा आहे ती फोकसच्या रिंगमध्ये. फिल्मचे रंग, जुना काळ वगैरे जे सांगतात ते मला फारसं पटत नाही, तसले रंग मोबाइलमध्येही बऱ्यापैकी आणता येतात. फोटो काढताना तीन गोष्टी ठरवायच्या असतात. उजेड केवढ्या छिद्रातून घ्यायचा, किती वेळ घ्यायचा आणि नेमकं काय स्पष्ट ठेवायचं. मोबाइल तिन्ही स्वतःच ठरवून मोकळा होतो. के१०००मध्ये तिन्हींना हाताला लागेल अशी जागा आहे. ॲपर्चरची, म्हणजे छिद्राच्या मापाची रिंग लेन्सच्या मुळाशी, फोकसची तिच्या पुढे, शटरची, म्हणजे वेळेची डायल वर उजव्या हाताशी. कॅमेरा स्वतःहून तुम्हाला एकच गोष्ट सांगतो, उजेड बरोबर आहे की नाही, तीही व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) उजव्या कडेला हलणाऱ्या काट्याने. शटर कितीवर आहे, ॲपर्चर कितीवर आहे हे आत दिसत नाही, ते डोक्यात ठेवायचं. चार-पाच रोलनंतर ते बोटांना कळायला लागतं.

पेंटॅक्स बनवणाऱ्या ‘असाही ऑप्टिकल’ या जपानी कंपनीने हे मॉडेल १९७६ साली काढलं आणि ते १९९७पर्यंत बनत राहिलं. किंमत कमी ठेवायची म्हणून सेल्फ टायमर नाही, डेप्थ ऑफ फील्ड (किती अंतराचा पट्टा स्पष्ट येईल ते) आधी बघायची सोय नाही. त्यामुळे झालं असं की बिघडण्यासारखंही फार काही उरलं नाही, आणि फोटोग्राफी शिकवणाऱ्या वर्गांमध्ये हा कॅमेरा वर्षानुवर्षं चालला. प्रिझमवर, म्हणजे वरच्या उंचवट्यावर, नुसतं पेंटॅक्स न लिहिता ‘असाही पेंटॅक्स’ कोरलेलं असेल तर तुमचा सुरुवातीच्या काळातला आहे. नंतरच्यांमध्ये प्लॅस्टिकचे भाग वाढले.

रोल विकत आणायची घाई करू नका. आधी चामड्याच्या कव्हरमधून कॅमेरा बाहेर काढा, आणि परत त्यात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते ती बऱ्याचदा तिथूनच. लेन्स काढा, एफ/२वर पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी. धुळीचे कण दिसतील, ते सोडून द्या, फोटोत येत नाहीत. मग रिंग एफ/१६वर घेऊन (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान) लेन्सच्या मागचा छोटा दांडा बोटाने सरकवा आणि सोडा. छिद्राची पाती चटकन मिटली पाहिजेत. रेंगाळत मिटली तर पात्यांवर तेल उतरलंय, म्हणजे तुम्ही एफ/१६ लावाल आणि फिल्मवर त्याहून जास्त उजेड पडेल.

मागचं झाकण उघडायला डावीकडची रिवाइंडची मूठ वर ओढायची. झाकणाच्या खाचांमध्ये आणि बिजागरीपाशी काळा फोम असतो. इतक्या वर्षांत त्याचा चिकट डांबरासारखा लगदा झालेला असतो. टूथपिक लावून बघा, काळं लागलं तर फोम गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीने तो खरवडून काढा, बिजागरीला नवी फोमची पट्टी लावा, अरुंद खाचांत काळ्या लोकरीचा धागा बसवला तरी काम भागतं. हे करताना शटरच्या कापडी पडद्याला काहीही लागू देऊ नका. पुढच्या बाजूने आरसा दिसेल, त्यालाही हात लावायचा नाही. त्याचा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला असतो आणि कापडानेसुद्धा ओरखडतो. व्ह्यूफाइंडरमध्ये काळे कण दिसत असतील तर बहुधा आरशावरच्या फोमचा भुगा आहे. दिसायला वाईट, पण फोटोला काही होत नाही.

शटरची चाचणी मोबाइलवर होते, इथे त्याचे उपकार मानायला हरकत नाही. झाकण उघडं, लेन्स काढलेली, पलीकडे उजळ खिडकी, आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ. एक सेकंदाला पडदा साधारण २४० फ्रेम उघडा दिसायला हवा, १/४ला ६०, १/३०ला ८. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो. १/१०००ला मोजणी जमणार नाही. तिथे पांढऱ्या भिंतीकडे डोळ्याने बघत खटका दाबा, अख्खा चौकोन लख्ख चमकला पाहिजे. एका बाजूला अंधार राहत असेल तर शटरचा झाकणारा दुसरा पडदा उघडणाऱ्या पहिल्याला वाटेतच गाठतोय. आतलं वंगण सुकलं की हे होतं. कॅमेरा बाद समजू नका, १/५००ला ठीक असेल तर तिथपर्यंतच वापरा. याउलट १/८, १/४ असे हळू वेग अडकत असतील तर पन्नासेक वेळा खटका मारून बघा, पुष्कळदा मोकळे होतात. नाही झाले तर सर्व्हिसिंग. मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं दाटीवाटीने आहेत, तिथे चौकशी करा. घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वरचं झाकण मात्र उघडू नका.

सेल एकच, एलआर४४, बुडाच्या झाकणात. नाण्याने फिरवून उघडतं. एसआर४४ मिळाला तर तो घ्या. तो संपेपर्यंत विजेचा दाब (व्होल्टेज) सारखा ठेवतो, एलआर४४ हा अल्कलाइन सेल हळूहळू उतरत जातो. सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी आहे, शटर सगळ्या वेगांना सेलशिवाय चालतं. मीटरला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर टोपण लावलं की अंधार होतो आणि मीटर झोपतं, टोपण विसरलात तर सेल गेला. सेल जिवंत आहे का ते बघायला शटरची डायल ‘बी’ खुणेवर ठेवा आणि उजेडाकडे बघा. काटा झपकन वर गेला पाहिजे.

आता रोल. पहिला रोल साधा घ्या, २०० किंवा ४०० आयएसओचा (फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) रंगीत निगेटिव्ह, कुठल्याही चांगल्या कंपनीचा. हा कॅमेरा रोलच्या डबीवरचा कोड वाचत नाही, आयएसओ तुम्ही सांगायचा. शटर डायलच्या बाहेरची कडी वर उचलून फिरवली की खिडकीतला आकडा बदलतो. मागचा रोल ४००चा आणि आजचा २००चा, आणि आकडा तसाच राहिला, हे सगळ्यांचं होतं.

रोल भरताना उन्हात उभे राहू नका, निदान स्वतःच्या सावलीत तरी वळा. डबी डाव्या खणात, रिवाइंडची मूठ खाली दाबून बसवा. फिल्मची जीभ ओढून उजव्या गुंडाळीच्या चिरेत सरकवा. आता झाकण उघडं ठेवूनच फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर एकदा फिरवा. फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं दातांवर बसलेली डोळ्याने दिसली पाहिजेत. झाकण लावा. रिवाइंडची छोटी दांडी बाणाच्या दिशेला हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा, अडकली की थांबा. आता दोन कोऱ्या फ्रेम मारा आणि मारताना डावीकडच्या मुठीकडे बघा. लिव्हरबरोबर मूठ उलटी फिरली तर फिल्म सरकतेय. मूठ स्थिर राहिली तर गुंडाळीने फिल्म पकडलेलीच नाही. काउंटरवर विसंबू नका, तो लिव्हरबरोबर पुढे जातो, आत फिल्म असो वा नसो. ३६चा रोल आणि काउंटर ४०वर गेला तरी लिव्हर मोकळा फिरतोय, तर अख्खा रोल कोरा आहे हे समजून जा. रिवाइंड करून पुन्हा भरा, रोल तरी वाचेल.

काट्याचं गणित सोपं आहे. काटा मधोमध आला की मीटरच्या मते उजेड बरोबर. वर गेला तर जास्त, खाली गेला तर कमी. मध्ये आणायला शटरची डायल फिरवा किंवा ॲपर्चरची रिंग. पण मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. ते समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. पांढऱ्या धोतर-टोपीतला माणूस फ्रेमभर असेल तर काटा मध्ये आणून काढलेला फोटो मळकट येतो, तिथे एक ते दीड स्टॉप जास्त द्यायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). काळी म्हैस असेल तर एक स्टॉप कमी. पाठीमागे आकाश असेल तर माणसाचा चेहरा काळा पडतो, तेव्हा कॅमेरा खाली जमिनीकडे वळवून काटा जुळवा आणि मग फ्रेम परत धरा. शंका असेल तर काटा मधोमधच्या थोडा वर राहू द्या. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड दोनेक स्टॉपपर्यंत पचवतं, कमी उजेड मात्र फारसा सहन करत नाही.

सेल मेला तर अंदाजावर भागतं. लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर आयएसओच्या जवळचं, म्हणजे २००च्या रोलला १/२५०. विरळ ढगांत एफ/११, दाट ढगांत एफ/८, पावसाळी काळोखीत एफ/५.६, उन्हाला लागून असलेल्या सावलीत एफ/४.

आता खरी गंमत. के१०००च्या व्ह्यूफाइंडरमधल्या पडद्याच्या मध्यभागी एक गोल आहे, त्यात हजारो बारीक लोलक कोरलेले असतात. (अर्ध्या-अर्ध्या चित्राची जुळणी करणारा गोल तुमच्यात शोधू नका, तो एसई नावाच्या आवृत्तीत होता.) प्रतिमा नेमकी त्या पातळीवर पडली नाही की प्रत्येक लोलक आपला तुकडा वेगळ्या दिशेला फेकतो आणि गोलातलं चित्र पाण्यावरच्या प्रतिबिंबासारखं थरथरतं. रिंग फिरवत गेलात की थरथर वाढते, कमी होते आणि एका जागी एकदम थांबते. तो क्षण ओळखायला शिकणं म्हणजे हा कॅमेरा शिकणं.

शिकायचं असं. डाव्या तळहातावर लेन्स पेलायची, अंगठा आणि तर्जनी रिंगवर, कोपर बरगडीला टेकवलेलं. रिंग जरा वेगानेच फिरवा, फोकस ओलांडून पलीकडे जा, मागे या, पुन्हा थोडं पुढे. झोका लहान करत आणा आणि थांबा. फार घोळवू नका. जास्त वेळ बघत राहिलात की डोळा स्वतःच जुळवून घ्यायला लागतो आणि चुकीचंही बरोबर वाटतं. चष्मा असेल तर लावूनच बघा, आयपीसला नंबर बदलायची सोय नाही. गोल धरायचा तो कडेवर. गालावर काहीच थरथरणार नाही, पापणीवर किंवा चष्म्याच्या काडीवर धरा. ॲपर्चर तुम्ही कितीही लावलं असलं तरी खटका दाबेपर्यंत लेन्स पूर्ण उघडी राहते, म्हणून चित्र उजळ दिसतं आणि फोकस कडक करता येतो.

एक उदाहरण घेऊ. खिडकीशी आजी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली आहे. तुम्ही दीड मीटरवर, रोल ४००चा. अंगणातून आत आला असाल तर काट्याकडे लगेच बघू नका. या मीटरचा सेन्सर उन्हाची आठवण काही सेकंद धरून ठेवतो आणि काटा सावकाश खाली येतो. तो स्थिरावला की समजा १/१२५ला एफ/२.८ मिळालं. दीड मीटरवर एफ/२.८ला स्पष्ट पट्टा जेमतेम पंधरा सेंटीमीटरचा. आजीचा चेहरा आणि पुढे आलेली बोटं यांत अंतर त्याहून जास्त आहे, म्हणजे एकच काहीतरी मिळणार. दोन्ही हवं असेल तर एफ/५.६ लावा, पट्टा तीस सेंटीमीटरचा होतो, पण शटर १/३०वर उतरतं. म्हणजे तुमचा हात हलता कामा नये आणि तांदूळ फिरवणारी बोटं पुसट येणार. पुसट बोटं चालतील का? कदाचित तीच हवी असतील. १/१२५ आणि १/३०च्या मध्ये हे सगळं ठरवायला दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात आजी मान वर करते. लिव्हर आधीच ओढून ठेवलेला असेल तर फोटो तुमचा.

जवळ गेलात की काम आणखी नाजूक होतं. या लेन्सला ४५ सेंटीमीटरपर्यंत जाता येतं. तिथे एफ/२ला स्पष्ट पट्टा जवळजवळ नऊ मिलिमीटर, म्हणजे फुलाची एक पाकळी येईल आणि दुसरी जाईल. इथे रिंगशी झटू नका. रिंग जागेवर सोडा आणि स्वतः पुढेमागे झुका, थरथर थांबली की दाबा. मीटरभर अंतरावर एफ/२ला पाच सेंटीमीटर मिळतात. डोळ्यावर फोकस करून फ्रेम बदलताना अंग थोडं पुढे गेलं तर नाक स्पष्ट आणि डोळे गेले, याचं कारण तेच.

याच्या उलट टोकाला, फोकस न करता फोटो काढणं. लेन्सवर अंतराच्या आकड्यांखाली मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ॲपर्चरचे आकडे जोडीने लिहिलेले असतात. आठवडी बाजारात २००चा रोल, ऊन. एफ/११, १/५००, रिंग ५ मीटरवर. दोन्ही ११च्या मधलं अंतर वाचा, साधारण ३ मीटरपासून १४-१५ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येणार. आता कॅमेरा डोळ्याला लावायचा तो फक्त फ्रेम धरायला. चालत्या गर्दीत भल्याभल्या ऑटोफोकसपेक्षा हे जलद, कारण शोधाशोध काही उरलेलीच नसते.

फ्लॅश लावणार असाल तर शटर १/६० किंवा त्याहून हळू. जास्त वेगाला पडदा पूर्ण उघडत नाही, आडव्या फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो.

जुन्या बाजारात दुसरी लेन्स बघितलीत तर ती के माउंटची (पेंटॅक्सच्या या कॅमेऱ्याला बसणाऱ्या जोडणीची) आणि ॲपर्चरची रिंग असलेली हवी. रिंग नसलेल्या नव्या पेंटॅक्स लेन्स बसतील, पण छिद्र आवळलेलं राहील. रिंगवर ‘ए’ खूण असेल तर ती सोडून आकड्यावर ठेवा.

रोल संपला की लिव्हर मध्येच अडतो. जोर लावू नका, भोकं फाटतात, नाहीतर फिल्म डबीतून सुटते. बुडाचं छोटं बटण दाबा, रिवाइंडची दांडी उघडून बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. ताण एकदम गेला की फिल्म गुंडाळीतून सुटली, आणखी दोन फेरे द्या आणि मगच झाकण उघडा. बटण न दाबता दांडी फिरवली तरी फिल्म फाटते.

धुवायला देताना आधी विचारा की निगेटिव्ह परत मिळतात ना. काही ठिकाणी नुसते स्कॅन पाठवतात, आणि काय चुकलं ते निगेटिव्हवरच वाचता येतं. पट्टी पूर्ण कोरी आणि कडेचे छापील आकडे दिसतायत, तर फिल्म सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. कडेचे आकडेसुद्धा नाहीत, तर धुलाईत घोळ. फोटोंवर केशरी-लाल ओघळ आले तर मागून उजेड शिरतोय, फोम बघा. फक्त वेगवान शटरचे फोटो एका बाजूने काळवंडले तर ते पडद्याचं दुखणं. हे ओळखता यावं म्हणून पहिल्या रोलच्या प्रत्येक फ्रेमचं शटर, ॲपर्चर आणि अंतर वहीत लिहा. कंटाळवाणं आहे, पण एकाच रोलपुरतं.

कॅमेरा ठेवून देताना लिव्हर ओढलेला ठेवू नका, खटका मारून स्प्रिंग सैल करा. महिन्याभराहून जास्त ठेवणार असाल तर सेल काढा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदला. महिन्यातून एकदा बाहेर काढून प्रत्येक वेगाला दोन-चार खटके मारा. ते चामड्याचं कव्हर जपायचं असेल तर जपा, पण वेगळ्या कप्प्यात.